संस्थेचा पत्ता

सेवाभावी संस्थांचा जन्म बहुधा कोणाच्या तरी दुकानाच्या पोटमाळ्यावर होतो. पेढीमागची एक खोली, तीत लोखंडी कपाट, दोन खुर्च्या, भिंतीवर संस्थापकांची तसबीर आणि दाराशी पत्र्याची पाटी, एवढ्यावर कारभार सुरू होतो. भाडे नाही, वीज पेढीच्या मीटरवर, चहा घरातून. शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच खोलीत स्वीकारले जातात, रुग्णांच्या औषधांची बिले त्याच टेबलावर तपासली जातात. संस्थेच्या पावतीवर छापलेला पत्ता हा वस्तुतः शेठजींच्या दुकानाचा पत्ता असतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

पंचवीस वर्षे जातात. शेठजी जातात. पेढीची वाटणी होते, इमारत पुनर्विकासाला निघते, आणि एके दिवशी धाकटे चिरंजीव अत्यंत अदबीने कार्यवाहांना विचारतात, "काका, कपाट कधी हलवताय?" चिरंजिवांचे काही चुकलेले नसते. वडिलांनी दिलेला शब्द वडिलांचा होता. तो कोठे लिहिलेला नाही, किती काळासाठी होता हेही कोणाला ठाऊक नाही. चूक असते ती पंचवीस वर्षांत एकदाही एक कागद न करणाऱ्या विश्वस्त मंडळाची.

कायद्याच्या दृष्टीने अशी फुकट वापरायला दिलेली जागा म्हणजे निव्वळ परवानगी होय. 1882 च्या सुखाधिकार कायद्याने या परवानगीची व्याख्या केली आहे. ती सर्वसाधारणपणे मागे घेता येते. आणि परवानगी देणाऱ्याने मिळकत दुसऱ्याच्या नावे केली, तर नवा मालक त्या परवानगीने बांधलेला नसतो. म्हणजे ज्या जागेला संस्था सर्वांत स्वस्त समजत होती, तीच तिच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाची होती. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाची धावपळ चालू असताना कपाट हलवावे लागले, तर त्या वर्षीचे विद्यार्थी नेमक्या कोणत्या दारावर जाणार?

"दानाचा पैसा भाड्यात कशाला घालवायचा?" हा प्रश्न प्रत्येक सभेत एक तरी ज्येष्ठ विश्वस्त विचारतो. प्रश्नामागची भावना आदरणीय आहे. हिशेब मात्र अपुरा आहे. दात्याने पैसा दिला तो काम चालू राहावे म्हणून, आणि काम चालू राहण्यासाठी दार उघडे असावे लागते. प्रशासकीय खर्चाला मर्यादा हवी यात वाद नाही. परदेशी देणग्यांच्या बाबतीत तर 2020 च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे, आणि कार्यालयाचे भाडे त्याच खर्चात धरले जाते. पण मर्यादित खर्च आणि शून्य खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जागा शोधायला निघालेले मंडळ प्रथम दर विचारते. त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न असा, की या दाराशी कोण येणार आहे? वृद्धांना मदत करणाऱ्या संस्थेने लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला घेतला, तर भाड्यात वाचलेले चार हजार रुपये त्या जिन्यात खर्ची पडतात, आणि ते ज्येष्ठांच्या गुडघ्यांवाटे. रुग्णसाहाय्याचे काम असेल तर मोठ्या रुग्णालयापासून चालत येता येईल अशी जागा गैरसोयीची असली तरी चांगली. विद्यार्थिनी सायंकाळी येत असतील तर गल्लीत दिवा आहे का, बसथांबा किती दूर आहे, मजल्यावर स्वच्छतागृह आहे का, हे पाहणे दर विचारण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दुकानांच्या संकुलातील जागा पाहताना आणखी एक गोष्ट हटकून निसटते. बहुतेक संस्थांचे खरे काम रविवारी आणि सायंकाळी सातनंतर चालते, कारण कार्यकर्ते तेव्हाच मोकळे असतात. अनेक संकुलांत नेमकी त्याच वेळी लिफ्ट बंद, पाणी बंद आणि मुख्य दाराला कुलूप असते. रविवारच्या प्रवेशाची अट करारात लिहून घेतली नाही, तर विश्वस्तांना दर आठवड्याला पहारेकऱ्याची मनधरणी करावी लागते.

कपाटांसाठीही जागा धरावी. 2022 साली आलेल्या आयकर नियमाने धर्मादाय संस्थांनी कोणते हिशेब आणि दस्तऐवज ठेवावेत याची सविस्तर यादीच दिली. ते नोंदणीकृत कार्यालयात ठेवावेत आणि संबंधित कर-आकारणी वर्ष संपल्यापासून दहा वर्षे जपावेत अशी अपेक्षा आहे. दुसऱ्या ठिकाणी ठेवायचे असतील तर मंडळाचा ठराव करून सात दिवसांच्या आत कर अधिकाऱ्यास कळवावे लागते. तेव्हा "जुन्या फायली कोषाध्यक्षांच्या घरी माळ्यावर आहेत" हे उत्तर आता पुरेसे नाही.

दराचा विचार येतो तो यानंतर. येथे टेप घेऊन जागेवर जाणारा एक विश्वस्त दहा सल्लागारांच्या तोडीचा ठरतो. समजा, दलालाने सहाशे चौरस फुटांचे कार्यालय साठ रुपये दराने, म्हणजे महिना छत्तीस हजारांना सांगितले. स्थावर संपदा कायद्याने विक्रीच्या व्यवहारात चटई क्षेत्राचा आग्रह धरला असला, तरी भाड्याच्या बोलीत जिना, मार्गिका आणि भिंती धरून क्षेत्र सांगण्याची रीत सर्रास चालू आहे. प्रत्यक्ष मोजणीत खोलीची फरशी तीनशे नव्वद चौरस फूट भरली, तर वापरण्याजोग्या जागेचा खरा दर बाणव्वद रुपयांवर जातो. शेजारच्या इमारतीत चटई क्षेत्रावर पंच्याऐंशी रुपये सांगणारा मालक महाग वाटला होता, तो आता स्वस्त ठरतो.

त्या छत्तीस हजारांवर इमारतीचा देखभाल खर्च आला. तो कोण भरणार हे बोलीत क्वचितच स्पष्ट असते. मालक वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल तर व्यापारी जागेच्या भाड्यावर अठरा टक्के कर लागतो, म्हणजे दरमहा आणखी सहा हजार चारशे ऐंशी रुपये. व्यापाऱ्याला हा कर पुढे वजावटीत घेता येतो. ज्या संस्थेची स्वतःची करपात्र विक्री वा सेवाच नाही, तिला तो निखळ खर्च म्हणून सोसावा लागतो. म्हणून नोंदणी नसलेल्या छोट्या मालकाची जागा संस्थेला पुष्कळदा परवडते. याला अपवाद आहे. संस्था स्वतः या कराखाली नोंदलेली असेल आणि मालक नसेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून तो कर संस्थेनेच परस्पर भरायचा आहे.

जागा पसंत पडली की कागदाची वेळ येते. बहुतेक मालक "लिव्ह अँड लायसन्स" करू या असे म्हणतात, आणि विश्वस्त ते भाडेपट्ट्याचेच दुसरे नाव समजून मान डोलावतात. दोहोंत मोठे अंतर आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील पट्ट्याने भाडेकरूला त्या जागेत एक हक्क मिळतो. लायसन्सने केवळ वापराची मुभा मिळते. मालकांचा कल लायसन्सकडे का, याला मुंबईचा इतिहास कारण आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने कित्येक जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. त्यातून वाट काढण्यासाठी लायसन्सची पद्धत बोकाळली, तेव्हा 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला चालू लायसन्सवर जागा वापरणाऱ्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू करून टाकले. मालकवर्गाच्या मनातली ती धास्ती दोन पिढ्यांनंतरही गेलेली नाही. आजचा 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. एक कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या, तसेच बँका यांना त्याने आपल्या छत्राबाहेर ठेवले आहे. सार्वजनिक न्यासाला तसे वगळलेले नाही. अर्थात न्यासाला पट्टा दिला तर तो संरक्षित भाडेकरू होईल हे मालक जाणतो, आणि म्हणून लायसन्सचा आग्रह धरतो.

कागदाचे नाव काय ठेवले एवढ्यावर मात्र सारे ठरत नाही. दिल्लीतील एका हॉटेलातील केशकर्तनाच्या जागेवरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली हे तत्त्व मांडले, की दस्ताच्या नावापेक्षा त्याचा आशय आणि उभय पक्षांचा खरा हेतू पाहावा. तरीही आधी सही करून मग न्यायालयात हेतू सिद्ध करत बसणे हा सेवाभावी संस्थेचा उद्योग नव्हे. लायसन्स असेल तर ते लायसन्स आहे हे समजून घ्यावे आणि त्याच्या मर्यादेत जितकी स्थिरता मिळवता येईल तितकी अटींतून मिळवावी.

या अटींतली सर्वांत मोलाची अट मुदतीची. अकरा महिन्यांच्या कराराची सवय सर्वांना आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवावा लागतो, या 1908 च्या नोंदणी कायद्यातील तरतुदीतून ती जन्मली. महाराष्ट्रात ती पळवाट उरलेली नाही. 1999 च्या कायद्यानुसार भाड्याचा वा लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत काहीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी नसेल तर वादाच्या प्रसंगी, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी जागा घेणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मग केवळ अकरा महिन्यांचा करार करून दरवर्षी मालकाच्या दारात उभे राहण्याचे कारण काय? लायसन्सच्या करारासाठी साठ महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का इतकेच आहे. वरच्या उदाहरणात तीन वर्षांचे भाडे बारा लाख शहाण्णव हजार झाले. सहा महिन्यांचे भाडे, म्हणजे दोन लाख सोळा हजार, परतीची अनामत असेल, तर त्यावर वार्षिक दहा टक्क्यांप्रमाणे तीन वर्षांचे चौसष्ट हजार आठशे धरायचे. एकूण तेरा लाख साठ हजार आठशेवर शुल्क होते तीन हजार चारशे दोन रुपये. महानगरपालिकेच्या हद्दीत नोंदणी फी एक हजार. एवढ्या खर्चात तीन वर्षांची निश्चिंती मिळत असेल तर ती घ्यावी.

मालकाने आणलेल्या मसुद्यात "लॉक-इन"चे कलम असते, आणि ते जवळजवळ नेहमी एकतर्फी असते. संस्थेने अठरा महिने जागा सोडायची नाही, मालकाने मात्र एक महिन्याच्या सूचनेवर ती परत मागायची! हे कलम दोन्ही बाजूंना सारखे लागू करून घ्यावे. संस्थेच्या बाजूने त्याची मुदत हाती असलेल्या निश्चित देणग्यांपलीकडे जाऊ देऊ नये. तीन वर्षांच्या प्रकल्पाचा निधी दुसऱ्या वर्षीच आटला, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे कोणत्या दात्याच्या पैशातून द्यायचे, याचे उत्तर सही करण्यापूर्वी इतिवृत्तात असले पाहिजे. दरवर्षीची भाडेवाढ टक्क्यांत लिहून घ्यावी, "बाजारभावाप्रमाणे" हा शब्द खोडावा. अनामत रक्कम किल्ल्या परत करण्याच्या दिवशीच हाती पडेल असे नोंदवावे. पावसाळ्यात गळती लागली तर दुरुस्ती कोणाची, दारावर आणि खाली पाटी लावण्याची मुभा आहे का, या बाबी क्षुल्लक वाटतात. भांडणे बहुधा त्यांवरूनच होतात.

इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. सदनिका असेल तर कार्यालयासाठी तिचा वापर करण्यास गृहनिर्माण संस्थेची व पालिकेची हरकत नाही ना, याची खात्री तोंडी आश्वासनावर सोडू नये. शेजाऱ्याच्या एका तक्रार अर्जाने चालू काम थांबू शकते.

जागेचा मालक स्वतः विश्वस्तच असेल तर? समाजात हे वारंवार घडते, आणि हेतू बहुधा निर्मळ असतो. विश्वस्ताने जागा विनामूल्य वा कमी भाड्याने दिली तर ते दानच होय; तरी तेही मुदतीसह लिहून घ्यावे, नाही तर पोटमाळ्याचीच कथा पुन्हा घडायची. भाडे घेतले जात असेल तर मात्र फार जपावे. विश्वस्त, संस्थापक, मोठे देणगीदार किंवा त्यांचे नातलग यांना संस्थेच्या पैशातून वाजवीपेक्षा अधिक लाभ झाला, तर आयकरातील सूट धोक्यात येते. त्या भागातील दोन-तीन जागांचे दर लेखी मिळवून इतिवृत्तास जोडावेत. संबंधित विश्वस्ताने चर्चेच्या वेळी सभेबाहेर बसावे आणि मतदान करू नये. यात त्याच्यावर अविश्वास नाही. उलट दहा वर्षांनी कोणी शंका काढली तर त्याचेच नाव स्वच्छ राखणारी ही व्यवस्था आहे.

दुसरा प्रसंग आपल्या समाजाच्या अधिक ओळखीचा. धर्मशाळा, वाचनालय किंवा जुन्या वसतिगृहाच्या इमारतीतील एक-दोन खोल्या दुसऱ्या संस्थेला कार्यालयासाठी दिल्या जातात. देणारा न्यास, घेणारा न्यास, दोन्हीकडे ओळखीची माणसे; त्यामुळे "वीस वर्षांसाठी ठेवा" असे सभेतच ठरून जाते. परंतु महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या छत्तिसाव्या कलमानुसार सार्वजनिक न्यासाला आपली बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तिच्याविना तो पट्टा वैध नाही. घेणाऱ्या संस्थेने यावर विसंबून फरशी बदलली, विभाजने उभारली, वातानुकूलन बसवले, तर तो सारा खर्च वाळूवर झाला असे समजावे. परवानगीची प्रत पाहिल्याशिवाय सुताराला बोलावू नये.

सही कोणी करायची यातही घोळ होतो. उत्साही कार्यवाह स्वतःच्या नावे करार करून मोकळे होतात, आणि त्यांनी पद सोडले की जागाही त्यांच्याबरोबर जाते की काय असा प्रश्न उभा राहतो. करार न्यासाच्या नावाने, विश्वस्तांमार्फत व्हावा. त्यासाठी रीतसर सूचना काढून भरलेल्या सभेचा ठराव असावा, आणि जागा, मुदत, भाडे, अनामत व सही करणाऱ्या दोन विश्वस्तांची नावे त्यात असावीत.

भाडे बँकेमार्फत द्यावे. ते महिना पन्नास हजारांहून अधिक असेल तर दहा टक्के कर कापून भरणे संस्थेवर बंधनकारक आहे. ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची. त्यापूर्वी ती वर्षाला दोन लाख चाळीस हजार होती, आणि जुन्या करारांचे हिशेब तपासताना तीच लक्षात घ्यावी. कर कापायचा राहून गेला तर त्या खर्चाचा तीस टक्के भाग धर्मादाय कामासाठी केलेला खर्च म्हणून धरला जात नाही. एका विसरभोळेपणापायी दानाच्या पैशावर कर भरण्याची पाळी येते.

स्थलांतर झाले की सत्कार होतो, फीत कापली जाते आणि कागद मागे पडतो. न्यासाचा पत्ता धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत असतो. तो बदलल्यापासून नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो राहिला तर धर्मादाय कार्यालयाची नोटीस त्याच पोटमाळ्यावर जाऊन पडते, जेथे आता मोबाइलचे दुकान थाटलेले असते. पॅन, आयकराची नोंदणी, बँक, पावतीपुस्तके, परदेशी देणग्यांची नोंदणी असल्यास तीही, या साऱ्यांची यादी करून एका विश्वस्तावर सोपवावी आणि पुढच्या सभेत त्याच्याकडून विचारून घ्यावी.

आणि जुन्या दारावर एक पाटी वर्षभर तरी राहू द्यावी. रुग्णाचा नातलग हातात तीन वर्षांपूर्वीची पावती घेऊन त्याच पत्त्यावर येतो; त्याने ना वर्तमानपत्रातील निवेदन वाचलेले असते, ना संस्थेचा संदेश त्याच्या मोबाइलवर पोहोचलेला असतो. नवा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पाच-पंचवीस चिठ्ठ्या ठेवाव्यात, आणि जुन्या शेठजींच्या धाकट्या चिरंजिवांनाही एक निमंत्रण द्यावे. पाटी लावायला परवानगी त्यांचीच लागणार आहे. ती मात्र लेखी घ्यावी.